आधी हिचं पोट बघा

साहेब, एका अकरा वर्षांच्या पोरीचं पोट तुम्ही फोनवरून तपासलंत. हात लावला नाही, डोळे बघितले नाहीत, तिचं नाव काय तेसुद्धा विचारलं नाही. मी तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुमच्या खुर्चीवर नंतर दोन माणसं येऊन बसली आणि तीही तुमच्यासारखीच बोलली, म्हणून हे त्या खुर्चीला लिहिते आहे. ज्याला लागेल त्यानं लावून घ्यावं.

मंगळवार होता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीचे डॉक्टर महिन्यातून एकदा येत, तो मंगळवार. व्हरांड्यात बाकड्यांवर, फरशीवर, भिंतीला टेकून बावीस गरोदर बाया बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली. सोनोग्राफीला लघवी तुंबलेली लागते म्हणून रामटेके सिस्टर सकाळपासून त्यांना पाणी पाजत होत्या आणि संडासाकडे कोणी वळली की हाक मारून परत बसवत होत्या. अकरा वाजत आले तरी डॉक्टरांची गाडी आली नव्हती. बाया मांड्या आवळून बसल्या होत्या.

त्यांच्यामध्ये एका बाकाच्या टोकाला मोनाली हलामी गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. डोकं माझ्या मांडीवर. तिची आई जैवंताबाई खाली बसून तिचे तळपाय चोळत होती. पोरीचे डोळे हळदीच्या हातानं पुसल्यासारखे पिवळे. मधूनच ती उठून बसायची, ओकारी काढायची, पोटात काही नसल्यामुळं नुसतं हिरवट पाणी पडायचं, आणि परत आडवी व्हायची. रडत नव्हती. रडलं की जास्त दुखतं हे तिला कळून चुकलं होतं.

मी तेव्हा आशा सेविका होते. जंगलाच्या कडेचे तीन टोले, म्हणजे पाडे, माझ्याकडे. लसीकरण, बाळंतपण, हिवतापाचं रक्त घेणं, आणि सिकलची पोरं. आमच्या भागात सिकल म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात, मग हातपाय असे दुखतात की पोर जमिनीला नखं लावतं. माझ्या तीन टोल्यांत अशी चौदा पोरं होती, प्रत्येकाजवळ पिवळं कार्ड. मोनालीजवळही होतं.

आता त्या कार्डाचं ऐका. कार्ड दिलं होतं पोराला दवाखान्यात लवकर बघावं म्हणून. झालं उलटंच. जून महिन्यात मोनालीचं पोट दुखलं, मी तिला इथंच आणली. ओपीडीतल्या डॉक्टरांनी कार्ड बघितलं आणि लिहायला घेतलं. पोरीकडे बघायच्या आधी कागद भरून झाला. सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन, दोन दिवसांनी घरी. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. कार्ड बघितलं, सलाईन लावलं. पोरीचं पोट कोणी दाबूनसुद्धा पाहिलं नाही. कार्ड नसतं तर एखाद्यानं निदान विचारलं तरी असतं की बाई, कुठं दुखते.

आणि मी काय करत होते? मीही तेच करत होते. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं: भरपूर पाणी पाजा, ऊब द्या, गोळी द्या, खाऊपिऊ घाला. ते मला तोंडपाठ होतं आणि त्याचा मला माज होता. ऑगस्टमध्ये सलाईन चालू असताना मोनाली मला म्हणाली होती, "बाई, हे ते दुखणं नाही. ते हाडात असते. हे इथं असते." आणि उजवीकडच्या बरगडीखाली बोट ठेवलं. "मंग मागं पाठीत जाते, खांद्यापर्यंत."

मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हटलं, सिकलच आहे बेटा, सिकल कुठंही दुखते.

अकरा वर्षांची पोर. जन्मापासून दुखण्याबरोबर राहिलेली. दोन दुखण्यांतला फरक तिला कळणार नाही तर कोणाला कळेल? पण मी ट्रेनिंग घेतलेली बाई होते ना.

मला वाचायची खोड आहे. शाळा आठवीत सुटली, पण पुड्याचा कागदसुद्धा मी वाचून मग फेकते. ऑक्टोबरात तिसऱ्यांदा तिचं दुखलं, तेव्हा तिच्या घरून येऊन मी ट्रेनिंगची पुस्तिका काढली आणि पहिल्या पानापासून वाचली. शेवटाकडे एक पान होतं, जे शिकवायची वेळ आली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती आणि नंतर शिकवणाऱ्या बाईंनी ते सोडून दिलं होतं. त्यात एकच ओळ होती. सिकलच्या मुलांना पित्ताच्या पिशवीत खडे होऊ शकतात. उजव्या बाजूला पोटात दुखणे, उलटी, डोळे पिवळे असल्यास सोनोग्राफी करावी.

ती ओळ मी तीनदा वाचली. दुसऱ्या दिवशी मंगळवार. पहिल्या जीपनं आम्ही तिघी निघालो.

डॉक्टर आले साडेअकराला. तरुण होते, जिल्ह्याहून मोटरनं तीन तास बसून आलेले, अंग आंबलेलं दिसत होतं. ते आत गेले तशी मी रामटेके सिस्टरांकडे गेले, पुस्तिकेचं पान उघडून दाखवलं आणि म्हटलं, आमच्या पोरीचं एक करून द्या.

सिस्टर वाईट बाई नव्हत्या. त्यांनी पान वाचलं, मोनालीकडे मान वळवून बघितलं, आणि म्हणाल्या की आज फक्त गरोदर माता, यादी वर गेली आहे, मध्ये कोणाला घेता येत नाही. मी म्हटलं, मग उद्या. तर उद्या डॉक्टर नाहीत, मशीनला कुलूप. मग जिल्ह्याला जा. मी म्हटलं, जिल्ह्याला सकाळीच फोन लावून विचारलं होतं, तिथं म्हणतात आधी तालुक्याचा सोनोग्राफी रिपोर्ट आणा.  मग सिस्टरांनीच मोबाइल काढला आणि तालुक्याचे आरोग्य अधिकारी म्हणून तुम्हाला लावला, साहेब. व्हरांड्यात रेंज येत नव्हती म्हणून त्या खिडकीशी गेल्या आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. म्हणून तुमचं बोलणं मी शब्दन् शब्द ऐकलं. माझ्याबरोबर बावीस बायांनीही ऐकलं.

"सिकलचं पोर ना? मग पोट दुखणारच. सलाईन लावा."

सिस्टर म्हणाल्या, सर, डोळे खूप पिवळे आहेत.

"सिकलमध्ये असतातच पिवळे. शिबिर गरोदर मातांचं आहे, बावीसचा आकडा मला संध्याकाळपर्यंत पाठवायचा आहे. आणि ती आशा कोण आहे? नाव लिहून घ्या तिचं. आपल्या कामाशी काम ठेवायला सांगा."

फोन बंद झाला. सिस्टरांनी माझ्याकडे न बघता मान हलवली.

मी येऊन बाकावर बसले. जैवंताबाईनं विचारलं, का म्हणते?  माझ्या शेजारी ललिता उसेंडी बसली होती, पलीकडच्या गावची, आठवा महिना, तिसरं बाळंतपण, जिभेनं तिखट. ती म्हणाली, सगळं ऐकलं मी, तुम्ही सांगू नका. मग तिनं मोनालीच्या पोटावरची ओढणी बाजूला केली आणि उजवीकडे नुसतं बोट टेकवलं. पोर अशी आखडली की ललितानं हात मागं घेतला.

"एक नंबर, ललिता उसेंडी," सिस्टरांनी हाक मारली.

ललिता उठली नाही.

"ललिता उसेंडी."

"आहे मी इथंच," ललिता म्हणाली. "आधी हिचं पोट बघा. मंग माझं."

सिस्टरांना वाटलं गंमत करते आहे. त्यांनी दोन नंबर पुकारला. दोन नंबरची बाई ललिताकडे बघून बसून राहिली. तीन नंबरची पोरगी पहिलटकरीण, तिचा नवरा फाटकाशी उभा, तिची सासू आत. ती उठली, घाबरत घाबरत आत गेली. तिला कोणी काही बोललं नाही. तिचं करून झालं, ती बाहेर आली, आणि चार नंबर पुकारला. चार नंबर उठेना. पाच उठेना.

हे आधी ठरवलेलं नव्हतं, साहेब. तुम्ही नंतर चौकशीत विचारलंत की कट कोणी केला. कोणीच केला नाही. तुमचा आवाज त्या बायांनी ऐकला होता, बास.

त्यांना किती त्रास होत होता ते पण लिहिते, कारण ते तुमच्या कागदात नाही. चार-चार तास लघवी तुंबवून बसलेल्या बाया. आत गेल्या असत्या तर दहा मिनिटांत मोकळ्या झाल्या असत्या. एकीच्या कपाळावर घाम आला होता. एक ललिताला म्हणाली, "ललिते, माझी टाकी फुटली तर साफ तू करजो." ललिता म्हणाली, "माझी आधी फुटते, बाई, माझ्यावर तर वरून पोरगं बसलं आहे." हसायला आलं, पण हसलं की आवरत नाही म्हणून सगळ्या तोंड दाबून बसल्या. सिस्टर ओरडल्या की कार्डावर गैरहजर लिहीन. ललिता म्हणाली, लिहा, समोर बसलेल्या बाईला गैरहजर लिहा.

मी काय केलं म्हणाल, तर काही नाही. मी मोनालीचं डोकं धरून बसले होते आणि मला भीती वाटत होती. माझं काम जाईल याची भीती. खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून हेही लिहिते. एकदा मी ललिताला हळूच म्हटलंसुद्धा, जाऊ दे बाई, तू जा आत. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली.

शेवटी डॉक्टरच बाहेर आले. म्हणाले, काय झालं, पेशंट का येत नाहीत. सिस्टर सांगायला लागल्या, पण ललितानं मध्येच तोडलं. "ही पोर मरते आहे आणि साहेब म्हणते पोट दुखणारच. आमचं रोजचंच आहे. हिचं बघा."

डॉक्टर मोनालीपाशी आले, उकिडवे बसले. तिची खालची पापणी ओढून बघितली. मग विचारलं, कुठं दुखतं बेटा. चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तिला ते विचारलं. तिनं बोट ठेवलं, तिथंच, बरगडीखाली. त्यांनी विचारलं, शेवटचं कधी खाल्लं? जैवंताबाई म्हणाली, काल सकाळची पेज, तीही राहिली नाही. "बरं आहे," डॉक्टर म्हणाले, "हे बघायला उपाशीच पोट लागतं." आणि पोरीला स्वतः उचलून आत घेऊन गेले.

सिस्टर दारात आडव्या आल्या. म्हणाल्या, सर, साहेबांनी नाही म्हटलं आहे, नियम नाही.

"कुठं लिहिलं आहे ते दाखवा."

"लिहिलेलं नाही सर. तोंडी आहे."

"मग मीही तोंडीच करतो," डॉक्टर म्हणाले, आणि सिस्टर बाजूला झाल्या. मला वाटतं त्यांनाही बाजूला व्हायचंच होतं.

आत अंधार, पडदा, आणि थंड चिकट औषध लावल्यावर मोनालीचं दचकणं. डॉक्टरांनी ते यंत्र तिच्या बरगडीखाली टेकवलं आणि इकडंतिकडं फिरवलं. मग आम्हाला जवळ बोलावलं. राखाडी पडद्यावर एक काळी पिशवी दिसत होती आणि तिच्या तळाशी पांढरे ठिपके, प्रत्येक ठिपक्याखाली काळी सावली पडलेली. खडे आहेत, म्हणाले, पाच-सहा तरी. पिशवीची भिंतही सुजली आहे. एक खडा तोंडाशी अडकलेला वाटतो.

जैवंताबाई घाबरून म्हणाली, "खडे? माझी पोर माती खात नाही डॉक्टर. तांदूळ मी निवडून घेते."

डॉक्टरांनी तिला शांतपणे सांगितलं. सिकलमध्ये लाल पेशी लवकर फुटतात. फुटलेल्या पेशींतून पिवळा रंग निघतो, तो पित्तात उतरतो आणि वर्षानुवर्षं साचून त्याचे खडे होतात. खाण्यातून आलेले नाहीत, आईची चूक नाही.

"मंग हे सिकलचंच आहे?"

"सिकलनं झालं आहे. पण हे काढता येतं, बाई. पिशवीसकट काढतात आणि पोर बरी होते. आज न्या जिल्ह्याला, उद्यावर ठेवू नका."

छापील रिपोर्ट निघाला नाही, कारण यंत्रात नाव टाकलं तर यादीत तेविसावं नाव दिसलं असतं आणि सिस्टरांवर आलं असतं. डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर हातानं लिहिलं, सही केली, खाली आपला फोन नंबर लिहिला. रुग्णवाहिका बोलावली ती रामटेके सिस्टरांनी, मी न सांगता. मग त्यांनी बाहेर येऊन हाक मारली, "आता तरी या गं बायांनो," आणि एकवीस बाया एकदम उठल्या. त्यातल्या निम्म्या सरळ संडासाकडे पळाल्या, आणि संडासाला कुलूप होतं. ललिता ते कुलूप हलवत ज्या शिव्या देत होती त्या मी लिहीत नाही. पण त्या तुम्हालाच होत्या.

जिल्ह्याला मोनालीवर नवव्या दिवशी ऑपरेशन झालं. आधी सूज उतरवावी लागली, मग रक्त चढवलं. तिथल्या सर्जननी जैवंताबाईला सांगितलं की आणायला आणखी एक दिवस उशीर झाला असता तर पिशवी फुटली असती. बाटलीत घालून खडे दिले. सात होते, मिऱ्यांएवढे, काळेकुट्ट. जैवंताबाईनं ते घरी आणले नाहीत, नदीच्या पुलावरून फेकले.

मी महिन्याभरानं तिच्या घरी गेले. मोनाली अंगणात बसून भात खात होती. मी नेहमीसारखे तिळाचे, शेंगदाण्याचे लाडू नेले होते, तूप घालून केलेले. सिकलच्या पोरांना ताकद यावी म्हणून दर पंधरा दिवसांनी मी तिला लाडू करून देत असे. माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट, मला मोठा अभिमान. तिनं डबा बघितला आणि आईकडे बघितलं. मग म्हणाली, "बाई, आता खाऊन बघतो. आधी तुमचा लाडू खाल्ला की दुखे."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

"तुमाले वाईट वाटलं असतं."

सोनोग्राफीच्या त्या डॉक्टरांना मी नंतर फोन लावून विचारलं, तेव्हा ते म्हणाले की तेलतूप पोटात गेलं की पित्ताची पिशवी आवळते आणि खडे टोचतात. चार महिने त्या पोरीचं दुखणं मी डब्यात भरून तिच्या घरी पोचवत होते, आणि ती मला वाईट वाटू नये म्हणून खात होती. तुम्हाला ती माणूस वाटली नाही, साहेब. मला वाटली तरी मी तिचं ऐकलं नाही. माझ्या वाट्याचं मी इथं लिहिलं.

तुमच्या वाट्याचं असं. पुढच्या आठवड्यात मला नोटीस आली. शिबिराच्या कामात अडथळा, गरोदर मातांना चिथावणी, तीन दिवसांत खुलासा. मी आले तुमच्या कार्यालयात. तुम्ही मला उभं ठेवलं.

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

नाही, म्हटलं.

"मग खडे आहेत हे तुम्हाला कसं कळलं?"

"पोरीनं सांगितलं."

"पोरीनं," तुम्ही कारकुनाकडे बघून म्हणालात, आणि दोघं हसलात.

मी तेव्हाच सांगितलं होतं की माझ्याकडे अजून तेरा पिवळी कार्डं आहेत, त्या सगळ्या पोरांची पोटं एकदा बघून घ्या. तुम्ही म्हणालात, लेखी द्या. मी लेखी दिलं. पोच घेतली. पुढल्या वर्षी पुन्हा दिलं, पुन्हा पोच घेतली. उत्तर आलं नाही, पण एक आदेश आला. माझ्याकडचा एक टोला काढून आठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या आशाला दिला. कामाची सोय म्हणून.

त्या टोल्यात रवीना तुमरेटी होती. नऊ वर्षांची. तिच्या घरच्यांनी मला निरोप धाडला, पण टोला माझ्याकडे नव्हता, तिथं माझं जाणंयेणं थांबलं होतं, म्हणून तो मला दुसऱ्या दिवशी मिळाला. तोवर तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. पोटात दुखत होतं, ओकाऱ्या होत होत्या, ताप होता, डोळे पिवळे होते. सोनोग्राफीचे ते तरुण डॉक्टर बदलून गेले होते. ललिता नव्हती, व्हरांडा रिकामा होता, त्या दिवशी मंगळवार नव्हता. कार्ड बघितलं, सलाईन लावलं. मी पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि तिच्या अंगावर चादर ओढली होती. नाकातोंडावरून.

कागदावर मरणाचं कारण लिहिलं आहे, सिकल सेल. तो कागद माझ्याकडे आहे. जो कागद तिच्याकडे बघायच्या आधी लिहून झाला असेल तोच तिच्या मरणाचं कारण म्हणून लागला.

तिच्या पोटाला कोणी हात लावला का, मी विचारलं. रामटेके सिस्टर तेव्हा रजेवर होत्या. ड्यूटीवरच्या नव्या सिस्टरनं सांगितलं, सिकलची पेशंट होती.

साहेब, मी आता आशा नाही. मला काढायची गरज तुम्हाला पडली नाही, मीच सोडलं. माझ्याकडे कार्डं नाहीत, टोले नाहीत, नोटीस देऊन तुम्ही माझं काही बिघडवू शकत नाही. म्हणून आता विचारते. माझे दोन अर्ज तुमच्या कार्यालयात पडले आहेत, दोन्हींवर तुमचा शिक्का आहे. ते पहिल्यांदा कोणी उघडले, आणि उघडून काय केलं? आणि रवीनाच्या पोटात काय होतं?

तीन दिवसांत सांगा. लेखी.